सोन्याचं घड्याळ आणि मँचेस्टरची भागीदारी : इंदूरच्या मुश्ताक अलींच्या निमित्ताने मॅच-फिक्सिंगचा विचार

मॅच-फिक्सिंगचा विषय निघाला की आपल्यापैकी बहुतेकांना एप्रिल २००० आठवतो. दिल्ली पोलिसांनी टॅप केलेले फोन, दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए, आधी साफ इन्कार आणि चारच दिवसांत कबुली. त्यामुळे असा एक समज पक्का झालाय की हा रोग वन-डे क्रिकेट, टीव्ही आणि मोबाइल फोन यांच्याबरोबर आला, आणि त्याआधी सगळं कसं स्वच्छ होतं. तसं ते नव्हतं. आपल्या आखाड्यांत 'नुरा कुस्ती' हा शब्द उगाच रुळलेला नाही. दोन पैलवान आधी ठरवून लढले, लोकांना घामही दाखवला आणि निकालही ठरल्याप्रमाणे लावला, की जुने वस्ताद एवढा एकच शब्द उच्चारून उठून जायचे.

या लेखात मी इंदूरच्या एका खेळाडूपासून सुरुवात करणार आहे. सय्यद मुश्ताक अली. जन्म १७ डिसेंबर १९१४, इंदूर. मृत्यू १८ जून २००५, इंदूर. १९३६ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यांच्यापुढे एक प्रस्ताव आला असं सांगतात, आणि तो बुकीकडून आलेला नव्हता. तो आला होता त्यांच्याच कर्णधाराकडून. ही गोष्ट क्रिकेटच्या गप्पांत विनोद म्हणून सांगितली जाते. मला ती विनोदी वाटत नाही. यंत्र मोडलं की भार नेमका कुठून आला ते आधी बघायचं, ही माझी जुन्या नोकरीतली सवय. त्या सवयीने या गोष्टीकडे आणि नंतरच्या काही प्रकरणांकडे बघितलं, तर खेळाडूवरचा दाब बहुतेक वेळा बाहेरून थेट येत नाही. तो त्याच्याच वरच्या माणसामार्फत येतो. मग खेळाडूला वाचवायचं म्हणजे काय करायचं, हा प्रश्न वेगळा होऊन बसतो.

१९३६ चा दौरा

भारताने पहिला कसोटी सामना जून १९३२ मध्ये लॉर्ड्सवर खेळला. त्या दौऱ्याचे नेमलेले कर्णधार होते पोरबंदरचे महाराज. खेळाडू म्हणून आपली पात्रता किती, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी कसोटीच्या वेळी बाजूला होऊन कर्नल सी. के. नायडूंना पुढे केलं. नायडू म्हणजे आपल्या होळकर दरबारचे. नागपूरचा हा तरुण १९२३ च्या सुमारास होळकरांच्या आमंत्रणावरून इंदूरला आला, होळकरांच्या फौजेत रुजू झाला आणि इंदूरचाच झाला. मुश्ताकमधला खेळाडू पोरवयात हेरला तोही नायडूंनीच.

१९३६ साली असा मोठेपणा कुणी दाखवला नाही. कर्णधारपद गेलं विजयनगरमचे महाराजकुमार, म्हणजे 'विझी', यांच्याकडे. क्रिकेटवर त्यांनी पैसा भरपूर खर्च केला होता, हे मान्य करायला हवं. पण मैदानावरचा हिशेब बघा : तीन कसोटी सामने, एकूण धावा ३३. त्यांच्या हाताखाली खेळत होते चाळिशीचे नायडू, विजय मर्चंट, अमरसिंग, निसार, वझीर अली, मुश्ताक. संघात गट पडले. कर्णधाराच्या मर्जीतले एकीकडे, नायडूंना मानणारे दुसरीकडे.

मर्जी गेली की काय होतं ते लाला अमरनाथांच्या बाबतीत सगळ्यांनी पाहिलं. लॉर्ड्सवर मायनर काउंटीज संघाविरुद्धच्या सामन्यात त्यांना पॅड बांधून ताटकळत बसवलं गेलं आणि दिवस संपता संपता खेळायला पाठवलं. ते भडकले, ड्रेसिंग रूममध्ये पॅड फेकले, पंजाबीत बोलायचं ते बोलले. कर्णधार आणि व्यवस्थापक मेजर ब्रिटन-जोन्स यांनी त्यांना पहिल्या कसोटीच्या आधीच बोटीने मायदेशी पाठवून दिलं. दौऱ्यातला तो त्यांचा सर्वांत चांगला फॉर्म होता. पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर जॉन बोमाँट यांच्या समितीने जानेवारी १९३७ मध्ये अमरनाथांना निर्दोष ठरवलं आणि विझींच्या कर्णधारपदावर कडक ताशेरे ओढले. पण तोवर तिन्ही कसोट्या होऊन गेल्या होत्या.

याच दौऱ्यातल्या आणखी दोन गोष्टी क्रिकेटच्या वर्तुळात सांगितल्या जातात. एक, विझींनी एका इंग्लिश काउंटीच्या कर्णधाराला सोन्याचं घड्याळ भेट दिलं आणि त्याने त्या बदल्यात त्यांना दोन-चार सोपे चेंडू टाकले. दुसरी, बाका जिलानी यांनी न्याहारीच्या टेबलावर सगळ्यांदेखत नायडूंचा अपमान केला आणि त्याचं बक्षीस म्हणून त्यांना ओव्हलची कसोटी मिळाली. जिलानींची ती पहिली आणि शेवटची कसोटी, एवढं तर धावफलकच सांगतो.

घड्याळाची गोष्ट

दुसरी कसोटी, मँचेस्टर, ओल्ड ट्रॅफर्ड. २५ जुलै १९३६ ला सुरू झाली. भारताचा पहिला डाव २०३. इंग्लंडने ८ बाद ५७१ वर डाव घोषित केला, त्यात हॅमंडच्या १६७. भारत ३६८ धावांनी मागे. डावाचा पराभव समोर दिसत होता.

गोष्ट अशी सांगतात की मर्चंट आणि मुश्ताक सलामीला जाण्याआधी विझींनी मुश्ताकना बाजूला घेतलं आणि मर्चंटना धावबाद केलंस तर सोन्याचं घड्याळ देतो, असं सांगितलं. मर्चंट कर्णधाराच्या मर्जीतले नव्हते. त्यांनी मोठी खेळी केली तर विरोधी गटाचं वजन वाढणार होतं. मुश्ताकनी काय केलं? ते खेळपट्टीवर गेले आणि जे झालं ते मर्चंटना सांगून टाकलं. दोघे हसले आणि खेळायला लागले.

सांगणाऱ्यागणिक तपशील थोडे बदलतात, तोंडी गोष्टींचं ते होतंच. पण पुढचा भाग धावफलकावर छापलेला आहे. पहिल्या विकेटसाठी २०३ धावांची भागीदारी. मुश्ताक ११२, मर्चंट ११४. परदेशात भारतीय फलंदाजाने केलेलं पहिलं कसोटी शतक मुश्ताक अलींचं, आणि ते त्यांनी त्याच संध्याकाळी पूर्ण केलं. दिवसअखेर भारत बिनबाद १९०. त्या एका दिवसात दोन्ही संघांच्या मिळून ५८८ धावा झाल्या, कसोटीच्या एका दिवसातला हा विक्रम आजही तसाच आहे. शेवटी भारताने ५ बाद ३९० केल्या आणि सामना अनिर्णित राहिला. ३९० मधून ३६८ वजा करा : आघाडी फक्त २२ धावांची. म्हणजे ती भागीदारी मोडली असती तर काय झालं असतं हे सांगायला ज्योतिषी नको. मालिकेतल्या बाकीच्या दोन्ही कसोट्या भारताने नऊ-नऊ गडी राखून हरल्या. मँचेस्टर तेवढी वाचली.

आणखी एक गंमत धावफलकावरच आहे. ज्या मुश्ताकना जोडीदाराला धावबाद करायला सांगितलं गेलं असं म्हणतात, ते स्वतः त्याच सामन्याच्या पहिल्या डावात १३ धावांवर धावबाद झाले होते.

आता या गोष्टीची जरा चिरफाड करू. पहिलं म्हणजे, सामना हरायला कुणी सांगितलं नव्हतं. मागितली होती ती एकच घटना, आज आपण ज्याला स्पॉट-फिक्सिंग म्हणतो ती. दुसरं म्हणजे, निवडलेली घटना अगदी चलाखीची आहे. झेल सोडला तर तो सगळ्यांना दिसतो. नो-बॉल टाकला तर पंच बघतो. पण धावबादमध्ये 'हो' म्हणून मग 'नाही' म्हटलं की काम झालं. तो गोंधळ होता की डाव होता, हे त्या एका माणसाशिवाय कुणालाही कळत नाही. तिसरं म्हणजे, पैशाचा आकडा इथे दुय्यम आहे. घड्याळापेक्षा कर्णधाराची मर्जी मोठी होती. नकार दिला तर अमरनाथांचं काय झालं ते महिन्याभरापूर्वीच सगळ्या संघाने पाहिलेलं.

आणि चौथं, माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं. समजा मुश्ताकना तक्रार करायची असती, तर कुणाकडे करायची? कर्णधाराकडे? प्रस्ताव त्याचाच. व्यवस्थापकाकडे? तो कर्णधाराबरोबर बसून खेळाडूंना घरी पाठवत होता. नायडू तर स्वतःच अडचणीत. बोर्ड सात समुद्रापलीकडे. सांगण्यासारखा एकच माणूस उरला, ज्याचा बळी द्यायचा होता तो. मुश्ताकनी त्यालाच सांगितलं. गुपित दोघांत फुटलं आणि त्या क्षणी प्रस्तावाची ताकद संपली.

विझींना यातल्या कशाचीही शिक्षा झाली नाही. त्याच दौऱ्यात त्यांना 'सर' किताब मिळाला, १९५४ मध्ये ते भारतीय क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष झाले आणि १९५८ मध्ये पद्मभूषण.

होळकरांची छत्री

मग प्रश्न पडतो की राजाश्रयाची सगळी व्यवस्थाच सडकी होती का? आपल्या इंदूरचा अनुभव तसा नाही. १९४१-४२ ते १९५४-५५ एवढ्या काळात होळकर संघ रणजी करंडक चार वेळा जिंकला (१९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१, १९५२-५३) आणि सहा वेळा उपविजेता ठरला. यशवंतराव होळकरांनी खेळाडूंना फौजेत हुद्दे दिले. नायडू 'कर्नल' आणि मुश्ताक 'कॅप्टन' हे काही नुसते लाडाचे शब्द नव्हते. महिन्याच्या महिन्याला पगार, राहायला घर, सरावाला मैदान. चंदू सरवटे, हिरालाल गायकवाड, भाऊसाहेब निंबाळकर अशी मंडळी या छत्रीखाली खेळली. सरवटे तर वकिलीचे पदवीधर आणि बोटांच्या ठशांचे तज्ज्ञ! घर चालण्याची चिंता नसलेल्या माणसाला विकत घेणं अवघड जातं, हे आजही तेवढंच खरं आहे. आणि संघाचा कर्णधार नायडूंसारखा, शिस्तीच्या बाबतीत स्वतःलाही सवलत न देणारा.

पण छत्रीचा दांडा एकाच माणसाच्या हातात होता हेही विसरून चालणार नाही. राजा चांगला तर खेळाडूचं भलं, राजा लहरी तर खेळाडूचे हाल. भाऊसाहेब निंबाळकरांचं उदाहरण आपल्या घरचंच. डिसेंबर १९४८, पुण्यात महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. महाराष्ट्र ४ बाद ८२६, निंबाळकर नाबाद ४४३. ब्रॅडमनचा ४५२ धावांचा प्रथम श्रेणीतला तेव्हाचा विश्वविक्रम नऊ धावांवर. विश्रांतीच्या वेळी काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांना आपल्या संघाच्या नावावर हा विक्रम नको झाला. त्यांनी सामना सोडला आणि संघ घेऊन निघून गेले. यात पैसा नाही, सट्टा नाही. तरी खेळाचा निकाल खेळाबाहेरच्या इभ्रतीने ठरवला, आणि भरपाई मिळण्याची वाट निंबाळकरांना नव्हती. त्यांना पुढे एकही कसोटी खेळायला मिळाली नाही.

सट्ट्याचं म्हणाल तर इंदूरला तो नवा नव्हता. सर हुकुमचंदांच्या काळापासून इथल्या कापसाच्या वायद्याचं नाव देशभर. त्या वातावरणातली एक गोष्ट इंग्लंडच्या डेनिस कॉम्प्टनची. महायुद्धाच्या काळात तो भारतात नेमणुकीवर होता आणि १९४४-४५ ची रणजी अंतिम लढत होळकरांकडून मुंबईविरुद्ध खेळला. मुंबई ४६२ आणि ७६४, होळकर ३६० आणि ४९२. एकूण २०७८ धावा. शेवटच्या डावात कॉम्प्टन नाबाद २४९. असं सांगतात की इंदूरच्या एका व्यापाऱ्याने त्याला शंभरानंतरच्या प्रत्येक धावेला ठरावीक रक्कम कबूल केली होती. कॉम्प्टन दमून भागून परत आला तर चिठ्ठी वाट बघत होती : तातडीच्या कामासाठी कलकत्त्याला जावं लागलं, क्षमस्व.

या गोष्टीवर आपण मनसोक्त हसतो, आणि हसायला हरकतही नाही. चांगलं खेळण्यासाठीचं बक्षीस आणि वाईट खेळण्यासाठीची लाच यांत फरक आहेच. पण दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे. बाहेरचा माणूस खेळाडूच्या एकेका धावेला भाव लावतो. आज शंभराच्या वरच्या धावेला भाव लावणारा उद्या विसाच्या आत बाद होण्यालाही भाव लावू शकतो. हे मी तर्काने म्हणत नाही. पंचावन्न वर्षांनी नागपुरात नेमकं तेच झालं.

मुंबईची बैठक आणि नागपूरची खोली

दक्षिण आफ्रिकेच्या संघाच्या दोन भारतभेटी शेजारी शेजारी ठेवून बघण्यासारख्या आहेत.

डिसेंबर १९९६, मुंबई. दौऱ्याच्या शेवटी मोहिंदर अमरनाथ यांच्या मदतीसाठीचा सामना व्हायचा होता. क्रोनिएकडे सामना हरण्याचा प्रस्ताव आला, सुमारे अडीच लाख डॉलरचा. त्याने तो संघाच्या बैठकीत सगळ्यांसमोर ठेवला. चर्चा झाली, काही खेळाडू स्पष्टपणे विरोधात बोलले आणि संघाने प्रस्ताव नाकारला. जाता जाता हेही लक्षात ठेवा की मोहिंदर म्हणजे लाला अमरनाथांचे चिरंजीव.

मार्च २०००. कोची, जमशेदपूर, फरिदाबाद, आपलं बडोदं आणि शेवटी १९ मार्चला नागपूर, अशी वन-डे मालिका. यावेळी क्रोनिएने बैठक घेतली नाही. त्याने हर्शेल गिब्स आणि हेन्री विल्यम्स या दोघांना गाठलं. गिब्सने वीसच्या आत बाद व्हायचं, विल्यम्सने दहा षटकांत पन्नासहून जास्त धावा द्यायच्या, प्रत्येकी १५,००० डॉलर. दोघांनी होकार दिला. प्रत्यक्षात गिब्स लयीत आला आणि ७४ करून गेला. विल्यम्स खांदा दुखावल्यामुळे दोन षटकंही पुरी करू शकला नाही. ठरलेलं काहीच झालं नाही, तरी दोघांना सहा महिन्यांची बंदी आणि दंड झाला. क्रोनिएला आजन्म बंदी. जून २००२ मध्ये विमान अपघातात तो गेला.

क्रोनिएने याच दोघांना का निवडलं? दोघेही गौरेतर. वर्णभेद नुकताच संपलेल्या देशाच्या संघात दोघांचंही स्थान ज्येष्ठांच्या मानाने कच्चं, आणि समोर देशाचा लाडका कर्णधार. मला इथे मँचेस्टर आठवतं. तिथेही एकवीस वर्षांचा पोरगा आणि समोर कर्णधार. फरक एवढाच की मुश्ताककडे सांगायला मर्चंट होते. गिब्स आणि विल्यम्स खोलीतून बाहेर पडले ते गुपित पोटात घेऊन.

१९९६ ची बैठक मात्र आदर्श होती असं कुणी समजू नये. उघड चर्चेमुळे प्रस्ताव मोडला, हे खरं. पण असा प्रस्ताव बैठकीत मांडण्याजोगा वाटला, इथेच पहिली तडा गेली होती. आणि नकारानंतर प्रकरण तिथेच मिटलं. ते खऱ्या अर्थाने चव्हाट्यावर आलं ते २००० साली, केपटाऊनमध्ये न्यायमूर्ती किंग यांच्या आयोगापुढे. तडा दिसली होती, पण ती नोंदवायला वही नव्हती.

त्याच वर्षी भारतातही सीबीआयचा अहवाल आला. हैदराबादचे महंमद अझरुद्दीन यांच्यावर मंडळाने आजन्म बंदी घातली. २०१२ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरवली. बारा वर्षं! खेळाडूचं संरक्षण म्हणताना आपण लाचेपासूनचं संरक्षण धरतो. चौकशी नीट, वेळेत आणि कायद्याला धरून होणं हाही त्याच संरक्षणाचा भाग आहे, दोषीसाठी आणि निर्दोषासाठीही.

कुणाला सांगायचं?

या घोटाळ्यानंतर आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने लंडनचे माजी पोलीस प्रमुख लॉर्ड काँडन यांच्या हाताखाली भ्रष्टाचारविरोधी विभाग काढला. काँडन यांचा २००१ चा अहवाल वाचण्यासारखा आहे, कारण त्यांनी दोष नुसता खेळाडूंच्या लोभावर ढकलला नाही. त्यांनी मांडलेली कारणं साधारण अशी : इतर मोठ्या खेळांच्या मानाने क्रिकेटपटूंचा मोबदला कमी, कराराची शाश्वती नाही, खेळाच्या कारभारात खेळाडूंना आवाज नाही, काही कारभाऱ्यांनी डोळेझाक केली, निरर्थक वन-डे सामने फार, आणि गैरप्रकार सांगणाऱ्याला बळ मिळण्याऐवजी त्याचीच गैरसोय. शिवाय तक्रार घ्यायला जागाच नव्हती.

१९३६ चा मुश्ताक डोळ्यांसमोर ठेवून ही यादी पुन्हा वाचा. जवळपास प्रत्येक ओळ लागू पडते.

आज नियम असा आहे की कुणी प्रस्ताव घेऊन आलं आणि खेळाडूने ते कळवलं नाही, तर न कळवणं हाच गुन्हा. बांगलादेशचा शाकिब अल हसन याला ऑक्टोबर २०१९ मध्ये याच कारणासाठी दोन वर्षांची बंदी झाली, त्यातलं एक वर्ष स्थगित. त्याने सामना फिक्स केल्याचा आरोप नव्हता. आलेले प्रस्ताव कळवले नाहीत, एवढंच. काहींना हा नियम जाचक वाटतो. मला तो खेळाडूच्या बाजूचा वाटतो. 'मला कळवावंच लागेल, नाहीतर माझी नोकरी जाईल' असं म्हणायची सोय त्याला मिळते. वरच्या माणसाचा मान राखत नकार देण्याची ती एक वाट आहे, आणि आपल्यासारख्या समाजात, जिथे वडीलधाऱ्याला 'नाही' म्हणणं जड जातं, तिथे तिची गरज जास्त. पण ही वाट उपयोगी पडते ती ऐकणारा माणूस संघाच्या उतरंडीबाहेरचा असेल तरच.

बेळगावचं नाव लागलेला संघ

हा धागा आपल्या सीमाभागापर्यंत येतो. कर्नाटक प्रीमियर लीग २००९ पासून चालू होती. 'बेळगावी पँथर्स' हा त्यातला एक संघ. सप्टेंबर २०१९ मध्ये या संघाच्या मालकाला सट्टेबाजीच्या आरोपावरून बंगळूरु पोलिसांनी अटक केली. तपास पुढे गेला, आणि त्याच वर्षीच्या हुबळी-बळ्ळारी अंतिम सामन्यात पैसे घेऊन संथ फलंदाजी केल्याच्या आरोपावरून दोन नामवंत खेळाडूंनाही नोव्हेंबरमध्ये अटक झाली. २०१९ नंतर ती लीग त्या रूपात झालीच नाही.

खटला फसवणुकीच्या कलमाखाली, म्हणजे ४२० खाली, भरला होता. १० जानेवारी २०२२ रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द केली. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं : फिक्सिंग हे खेळाडूच्या अप्रामाणिकपणाचं आणि बेशिस्तीचं लक्षण असेल, त्याबद्दल मंडळाने कारवाई करावी. पण ४२० लागायला कुणाला तरी फसवून मालमत्ता द्यायला लावलेली असावी लागते, आणि प्रेक्षक तिकीट स्वखुशीने काढतो. आरोप खरे की खोटे, हा मुद्दा इथे निकाली निघाला नाही. कायद्याच्या कपाटात या गुन्ह्यासाठी खणच नाही, एवढं मात्र उघड झालं.

वास्तविक विधी आयोगाने जुलै २०१८ मध्येच, आपल्या २७६ व्या अहवालात, मॅच-फिक्सिंगला स्वतंत्र गुन्हा ठरवावं अशी शिफारस केली होती. शेजारच्या श्रीलंकेने नोव्हेंबर २०१९ मध्ये तसा कायदा केलाही, दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद ठेवून. आपल्याकडे सट्ट्याचा मूळ केंद्रीय कायदा अजून १८६७ चा.

मालक हा शब्दही जरा थांबून बघण्यासारखा आहे. जुलै २०१५ मध्ये न्यायमूर्ती लोढा समितीने आयपीएलच्या चेन्नई आणि राजस्थान या दोन संघांना दोन वर्षांसाठी निलंबित केलं, ते संघाच्या मालकी-व्यवस्थापनाशी संबंधित माणसं सट्टेबाजीत दोषी ठरल्यामुळे. महाराज गेले आणि मालक आले. संघ विकत घेणारा, कर्णधार ठरवणारा आणि खेळाडूचं भवितव्य हातात असणारा माणूस पुन्हा एकच. त्यातले बहुतेक सचोटीचे असतीलही, होळकर होतेच की. पण पूल बांधताना आपण सगळे ट्रक नियमाप्रमाणेच माल भरतील असं धरून चालत नाही.

आपल्या हातातलं काम

देशांतर्गत टी-ट्वेंटी स्पर्धेला आज सय्यद मुश्ताक अली यांचं नाव आहे. गावोगावची एकोणीस-वीस वर्षांची पोरं तिथूनच आयपीएलच्या लिलावात पोचतात. त्यांना मुश्ताक अलींचं नाव माहीत असतं ते करंडकामुळे, मँचेस्टरमुळे नाही. भ्रष्टाचारविरोधी विभागाच्या वर्गात त्यांना नियमांची कलमं सांगतात, ते सांगायलाच हवं. त्याबरोबर त्या करंडकावर ज्यांचं नाव आहे त्या माणसाची ही एक गोष्टही सांगितली तर ती कलमांपेक्षा जास्त लक्षात राहील : प्रस्ताव आला, तो त्याने पहिल्या पाच मिनिटांत दुसऱ्या माणसाला सांगितला, आणि मग शतक केलं.

इतिहासप्रेमींसाठीही यात काम आहे. होळकर संघाचे छापील धावफलक सापडतात. पण खेळाडूंची नेमणूकपत्रं, पगाराची पुस्तकं, फौजेतल्या हुद्द्यांचे आदेश, प्रवासखर्चाचे हिशेब असले कागद इंदूर, देवास, ग्वाल्हेर, बडोदे इथल्या जुन्या घरांत ट्रंकांमध्ये पडून असतील. 'राजाने खेळाडू पाळले' असं आपण एका वाक्यात म्हणून टाकतो. कोणत्या अटींवर पाळले, नोकरी सुटली तर काय, संस्थान विलीन झाल्यावर त्या पगाराचं काय झालं, हे त्या कागदांवरूनच कळेल. खेळाडूला सचोटीने राहणं परवडत होतं की नाही, याचं उत्तर धावफलकात नसतं, पगाराच्या वहीत असतं. ज्यांच्या घरी असं काही असेल त्यांनी ते रद्दीत देण्याआधी मंडळाला एकदा दाखवावं. मूळ कागद घरीच ठेवा, आम्हाला नक्कल पुरे.